‘अर्धवट कार्यक्रम’ या अभिप्रायाला आमचे उत्तर

आदरणीय महोदय,

गेल्या शनिवारी आमच्या एडिंबरा येथील चहागृहात झालेल्या स्कॉटिश फिडलच्या, म्हणजे लोकसंगीतात वाजणाऱ्या व्हायोलिनच्या, श्रवणसंध्येला आपण दोन तारे दिले आहेत. सातचा कार्यक्रम वीस मिनिटे उशिरा सुरू झाला, १८ पौंड घेऊन ध्वनिमुद्रणे ऐकवली, आणि ‘चार फिडलवाल्यांचा हा प्रकार ना धड लोकसंगीत, ना धड शास्त्रीय, सगळाच कार्यक्रम अर्धवट’ असे आपण लिहिले आहे. उशिराबद्दल मी मनापासून क्षमा मागते. ती चूक सर्वस्वी आमची होती. ध्वनिमुद्रित संगीत आणि मराठीतून निवेदन असे कार्यक्रमाचे स्वरूप तिकिटावर छापलेले होते, म्हणून त्याविषयी अधिक लिहीत नाही.

‘अर्धवट’ हा शब्द मात्र मनाला लागला. आपण आणि आपल्याबरोबरचे दोघे मध्यंतरात, आठ वाजून दहा मिनिटांनी, चहा घेऊन निघालात. निघण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार होता आणि त्याचे मला वाईट वाटले नाही. परंतु ज्या चौघींविषयी आपण मत दिले आहे, त्यांच्या ‘रँट’ या स्कॉटिश फिडल-संचाची वाटचाल उत्तरार्धात होती. पूर्वार्धात त्यांचे वादन केवळ ओळखीपुरते, जेमतेम सात मिनिटे वाजले होते.

हा क्रम मी विचार करूनच ठरवला होता. लोकसंगीत आणि चेंबर संगीत (मोजक्या वादकांनी मिळून वाजवायचे पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत) यांचा मेळ ही कोणाची आजची लहर नाही, हे आधी कानावर पडावे अशी माझी इच्छा होती. स्कॉटलंडचा नामवंत फिडलवादक नील गाऊ (१७२७–१८०७) नाचाच्या बैठकींत फिडल वाजवत असे, तेव्हा त्याचा भाऊ डोनाल्ड चेलोवर खर्जाची साथ करत असे. त्याच काळातला केली घराण्याचा सहावा अर्ल (सरदार), टॉमस अर्स्किन, जर्मनीतील मानहाइमला संगीतकार योहान श्टामिट्झकडे शिकून आला आणि सिंफनी लिहू लागला. तरीही लोक त्याला ‘फिडलर टॅम’च म्हणत. आमच्या दारापासून चालत दहा मिनिटांवर असलेले सेंट सिसिलियाज हॉल एडिंबरा म्युझिकल सोसायटीने १७६३ मध्ये खास मैफलींसाठी बांधून घेतले. तिथल्या श्रोत्यांना इटालियन सोनाटा आणि स्कॉटिश चाली एकाच संध्याकाळी ऐकण्यात काही वावगे वाटत नव्हते. आपल्याला ‘कंटाळवाणा इतिहास’ वाटला तो हा भाग, आणि तो पंचवीस मिनिटांचा होता. थोडा लांबला, हे मान्य करते.

उत्तरार्धात मी या चौघी कोठून आल्या ते सांगितले. जेना आणि बेथनी रीड या शेटलंड या उत्तरेकडच्या बेटांवरच्या बहिणी. लॉरेन मॅककॉल ब्लॅक आइल या हायलँडमधल्या, म्हणजे उत्तर स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखातल्या, द्वीपकल्पाची. तिला २००४ मध्ये बीबीसी रेडिओ टूचा तरुण लोकवादकांसाठीचा पुरस्कार मिळाला. साराजेन समर्स हायलँडमधली, फिडलगुरू डोनाल्ड रिडेल यांच्या अखेरच्या शिष्यांपैकी एक, आणि पुढे नॉर्वेत स्थायिक झालेली. शेटलंडचा आणि हायलँडचा गज एकसारखा चालत नाही. शेटलंडच्या वादनात मोकळ्या तारा सुरावटीबरोबर घुमत राहतात, तर हायलँडच्या संथ चालींत तिथल्या जुन्या गॅलिक भाषेतल्या गाण्याचा श्वास असतो. हे दोन बाज एकमेकांना न पुसता एकत्र कसे नांदतात, हे ऐकवण्यासाठीच मी त्यांच्या २०१३, २०१६ आणि २०१९ च्या तीन अल्बममधील वादन ओळीने लावले होते.

साथीला गिटार नाही, ढोल नाही, म्हणून आपल्याला ते अपुरे वाटले. नेहमीच्या स्ट्रिंग क्वार्टेटमध्ये (चार तंतुवाद्यांच्या संचात) दोन व्हायोलिन, एक व्हियोला आणि एक चेलो असतो, त्यामुळे खर्ज आयता मिळतो. इथे चारही वाद्ये एकाच जातीची आहेत आणि त्यांच्या सर्वांत जाड तारेच्या सुराखाली जायला जागाच नाही. मग एक जण चाल वाजवते, दुसरी त्याच जाड तारेवर आधार धरते, तिसरी गजाच्या आघातांनी ठेका देते, आणि पुढच्या फेरीत या भूमिका बदलतात. माझ्या कानाला हे चौघींचे एकमेकींना ऐकत वाजवणेच चेंबर संगीत वाटते. ‘ना धड हे, ना धड ते’ असे म्हणण्यापूर्वी आपण उत्तरार्धाची वीस मिनिटे थांबला असता, तर आपला विरोधही मी आनंदाने ऐकला असता.

आमच्याकडे चोवीसच खुर्च्या आहेत. हिवाळ्यात पाहुणे कमी असतात आणि येणारा प्रत्येक जण आधी तारे पाहतो, म्हणून इतके सविस्तर लिहिले. आपल्याला दुखावण्याचा हेतू नाही. यापुढे वेळेबाबत अधिक दक्षता घेऊ, निवेदनाच्या लांबीचा आणि बसण्याच्या व्यवस्थेचाही विचार चालू आहे. आपण मध्यंतरात निघालात एवढा उल्लेख अभिप्रायात करता आला, तर मी आभारी राहीन. आपण तिघे पुन्हा एडिंबऱ्याला आलात तर आधी कळवावे. राहिलेला उत्तरार्ध आपल्याला विनामूल्य ऐकवीन, आणि त्या दिवशी ठरल्या वेळी सुरू करीन.

आपली नम्र,
चहागृहाची मालकीण