कायद्याचे संकेतस्थळ हलवताना आधी पत्ते सांभाळा

सरकारी कायद्यांचे मोठे संकेतस्थळ ओपन सोर्स, म्हणजे कोणालाही पाहता, वापरता आणि बदलता येणाऱ्या, प्रणालीवर न्यायचे ठरले की चर्चा बहुधा प्रणालीच्या निवडीपासून सुरू होते आणि परवाना शुल्काच्या बचतीपाशी संपते. अशा स्थलांतराला माझा मनापासून पाठिंबा आहे. कायद्याचे अज्ञान ही सबब न्यायालयात चालत नाही. मग तो कायदा लोकांपर्यंत पोहोचवणारी यंत्रणा एखाद्या कंपनीच्या बंद आज्ञावलीत (सॉफ्टवेअरमध्ये) अडकलेली असणे मला तत्त्वतःच अमान्य आहे. परंतु या कामात सर्वांत आधी विचारायचा प्रश्न वेगळा आहे. निकालपत्रांत, शासकीय आदेशांत आणि अभ्यासकांच्या लेखांत आजवर दिले गेलेले कलमांचे दुवे स्थलांतरानंतरही त्याच कलमांवर उघडतील का?

ही भीती काल्पनिक नाही. जोनाथन झिट्रेन, केंड्रा अल्बर्ट आणि लॉरेन्स लेसिग या कायद्याच्या अभ्यासकांच्या 2014 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रांतील निम्मे दुवे मूळ मजकुरापर्यंत नेत नसल्याचे आढळले होते. ते सगळेच दुवे कायद्याच्या संकेतस्थळांचे नव्हते, पण संकेतस्थळाची फेररचना करून जुने पत्ते वाऱ्यावर सोडले की हेच घडते.

नेहमीच्या संकेतस्थळावर ताजे पान महत्त्वाचे असते आणि जुने पुसले गेले तरी फारसे बिघडत नाही. कायद्याचे तसे नाही. गुन्हा घडला किंवा करार झाला त्या दिवशी कलमाचा पाठ काय होता, हे न्यायालयाला पाहावे लागते. निरसित, म्हणजे रद्द झालेला, अधिनियमही व्यावृत्तीच्या (जुने हक्क व कारवाया राखून ठेवणाऱ्या) तरतुदीमुळे जुन्या प्रकरणांपुरता जिवंत राहू शकतो. एकाच अधिनियमाची कलमे वेगवेगळ्या तारखांना अंमलात येतात, आणि काही तर मंजूर होऊनही वर्षानुवर्षे अंमलात येत नाहीत. म्हणून प्रत्येक कलमाला, पोटकलमाला आणि अनुसूचीला स्वतःचा स्थिर पत्ता हवा आणि त्यामागे तारखांची अखंड साखळी हवी. संकेतस्थळाची पाने लिहिण्या-साठवण्यासाठीच्या सर्वसाधारण आशय व्यवस्थापन प्रणालीतही आवृत्त्या जपण्याची सोय असते, पण ती संपादकाने पान कधी साठवले एवढेच सांगते. कायदा कधीपासून बदलला हे सांगत नाही. या दोन तारखांची गल्लत करून माहितीची रचना आखली, तर ती नंतर दुरुस्त करणे अतिशय अवघड जाते, कारण तोवर सगळ्या नोंदी चुकीच्या चौकटीत भरल्या गेलेल्या असतात.

ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने 2010 साली सुरू केलेले लेजिस्लेशन डॉट गव्ह डॉट यूके हे संकेतस्थळ मला या बाबतीत अनुकरणीय वाटते. तेथील पत्त्यात कायद्याचा प्रकार, वर्ष, क्रमांक आणि कलम एवढेच असते. मानवी हक्क अधिनियमाचे सहावे कलम हवे असेल तर 1998, 42 आणि 6 हे आकडे पुरतात. पुढे तारीख जोडली की, जेथे जुने पाठ उपलब्ध आहेत तेथे, त्या दिवशीचा पाठ मिळतो आणि तोच मजकूर एक्सएमएल या यंत्राला वाचता येणाऱ्या खुल्या स्वरूपातही उतरवून घेता येतो. पत्त्यात कोणत्याही आज्ञावलीची खूण नसल्याने मागची यंत्रणा बदलली तरी पत्ता बदलण्याचे कारण उरत नाही. भारतीय कायद्यांचा इंडिया कोड हा संग्रह डीस्पेस या ओपन सोर्स प्रणालीवर आहे, ही चांगलीच गोष्ट आहे. पण त्याच्या दुव्यांत 123456789 हा आकडा येतो, त्याचा कायद्याशी काही संबंध नसून तो डीस्पेसमध्ये मुळातच भरून ठेवलेला नमुन्याचा उपसर्ग आहे. उद्या हा संग्रह दुसऱ्या प्रणालीवर नेला, तर एक तर हा निरर्थक आकडा कायम सांभाळत बसावे लागेल किंवा असंख्य दुवे तुटू द्यावे लागतील.

ओपन सोर्स म्हणजे कायमची निश्चिंती, असेही कोणी समजू नये. अनेक सरकारांनी स्वीकारलेल्या ड्रुपल या ओपन सोर्स आशय व्यवस्थापन प्रणालीच्या सातव्या आवृत्तीचे अधिकृत साहाय्य 5 जानेवारी 2025 रोजी संपले, आणि तिच्यावरून पुढच्या आवृत्तीवर जाणे हे साधे अद्ययावतीकरण नव्हते, तर जवळजवळ नवे स्थलांतरच होते. शोधासाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या इलॅस्टिकसर्चचा परवाना 2021 साली बदलला आणि त्यातूनच ओपनसर्च ही वेगळी शाखा निघाली. तेव्हा परवाना आज मुक्त आहे का, एवढेच पाहून भागत नाही. प्रकल्पाची सूत्रे एका कंपनीच्या हाती आहेत की व्यापक समुदायाच्या, हेही तपासले पाहिजे.

यावर मला पटणारा उपाय असा की, कायद्याचा अधिकृत पाठ प्रणालीच्या पोटात न ठेवता तिच्याबाहेर, खुल्या मानकानुसार ठेवावा आणि प्रणालीकडे केवळ शोध व प्रदर्शन सोपवावे. आफ्रिकेतील संसदांसाठी संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने आकाराला आलेले आणि 2018 साली ओएसिस या संस्थेने मानक म्हणून स्वीकारलेले अकोमा नतोसो हे कायद्याचा मजकूर एक्सएमएलमध्ये मांडण्याचे स्वरूप नेमके यासाठीच आहे. त्यात मूळ कायदा, त्याचा विशिष्ट तारखेचा पाठ आणि त्या पाठाची फाइल या तीन गोष्टी वेगवेगळ्या ओळखल्या जातात.

पाठ हलवल्यावर जुना आणि नवा मजकूर यंत्राने अक्षरशः पडताळावा लागतो. तक्ते, सूत्रे, तळटिपा आणि परंतुके (कलमांतील 'परंतु'ने सुरू होणारे अपवाद) यांत हमखास चुका राहतात, आणि सुटलेला एक 'किंवा' कलमाचा अर्थ फिरवू शकतो, म्हणून यंत्राने दाखवलेला प्रत्येक फरक विधी विभागातील जाणकाराच्या नजरेखालून गेलाच पाहिजे. परवान्याचे वाचलेले पैसे येथे, आणि आज्ञावली समजणारी कायमस्वरूपी माणसे विभागात ठेवण्यासाठी, खर्च व्हावेत असे मला वाटते. ही माणसे नसतील तर मालकी कागदावर सरकारची राहते आणि प्रत्यक्षात कंत्राटदाराची होते.

निविदेत एक अट मी आग्रहाने घालेन. कंत्राटदाराने संपूर्ण संग्रह, सर्व तारखांच्या पाठांसह आणि जुन्या-नव्या पत्त्यांच्या जुळणीसह, खुल्या स्वरूपात बाहेर काढून द्यावा. विभागाच्या माणसांनी तो कंत्राटदाराच्या मदतीशिवाय दुसऱ्या कोऱ्या प्रणालीत भरून पाहावा. आणि तेथे जुने दुवे योग्य कलमांवर उघडले तरच शेवटचे देयक मंजूर व्हावे.