काका, तुमच्या ‘बालवाडीच्या परीक्षे’बद्दल

काका, आधी थँक्यू, म्हाताऱ्या माणसांना रोजचं काय जमतं हेही तपासून घ्या या माझ्या पोस्टवर तुम्ही उत्तर दिलंत, एवढं तावातावाने हल्ली कोणी लिहीत नाही. तुमचं म्हणणं, वय ७४, दरवर्षी फुल बॉडी चेकअप, शुगर-बीपी कंट्रोलमध्ये, मग खुर्चीतून उठून दाखवा, कागदावर घड्याळाचं चित्र काढून दाखवा ही बालवाडीची परीक्षा कशाला, सगळं फॉरेनचं फॅड आणि मुलांना आपल्या हातातले पैशाचे व्यवहार काढून घ्यायला निमित्त.

निमित्ताचं खरंय, घरोघरी बघतोय. पण रिपोर्टचं नाही पटत.

आमच्या आईचे पण सगळे रिपोर्ट नॉर्मल होते, फक्त तिने मंडईत जायचं सोडलं, आधी म्हणे ऊन लागतं, मग म्हणे भाजी दारावर येते, आणि आम्हीही वय झालं म्हणून गप्प. शेवटी एका डॉक्टरांनी फाइल बाजूला ठेवून बीपी आधी झोपवून घेतलं मग उभं करून, तर वरचा आकडा २० पेक्षा जास्त उतरला! बीपीच्या गोळ्या एका डॉक्टरच्या, झोपेची दुसऱ्याची, दोघांना एकमेकांचा पत्ता नाही. उठलं की डोळ्यापुढे अंधारी, आणि रात्री बाथरूमला उठायला नको म्हणून बाई संध्याकाळपासून पाणीच पीत नव्हती. बोलली का नाही? तर कोणी विचारलंच नव्हतं. आता सांगा, कुठल्या पॅकेजमध्ये निघतं हे? गोळ्या बदलल्या, महिन्याभरात मंडई सुरू.

खुर्चीचं म्हणाल तर उठायचं, ३ मीटर चालायचं, वळून परत येऊन बसायचं, १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पडायचा धोका धरतात. नापास कोणी करत नाही, मग पायातली ताकद, चष्मा, चपला, गोळ्या एकेक बघतात. घड्याळ चुकलं म्हणूनही लगेच डिमेंशियाचा (स्मृतिभ्रंशाचा) शिक्का नाही, आणि ज्याची शाळाच फारशी झाली नाही त्याला ते काढायला लावणंच चूक.

फॉरेनचं मात्र कबूल, पण फॅड नाही. १९३५ साली लंडनच्या वेस्ट मिडलसेक्स हॉस्पिटलात डॉ. मार्जरी वॉरन यांच्याकडे ७१४ पेशंट आले, कितीतरी जण नुसते खाटेला खिळलेले, त्यांनी एकेकाला नीट तपासलं, उठवलं, चालवलं आणि बऱ्याच जणांना डिस्चार्ज देता आला. याद्या मात्र जशाच्या तशा उचलू नयेत हे बरोबर. १९६९ ची लॉटन आणि ब्रोडी यांची, रोजची कामं स्वतःची स्वतः जमतात का हे बघायची यादी आहे, फोन, खरेदी, औषधं, पैसे वगैरे, त्यात स्वयंपाक, घरकाम आणि धुणं हे त्या काळी पुरुषांना मुळात धरतच नसत (तिकडेही तेच हो!). आमच्या बाबांनी जन्मात चहा केला नाही, त्यांना स्वयंपाकात शून्य देऊन काय कळणार? आधी जमत होतं आणि आता जमेना असं काय, ते विचारायचं.

आणि लाइटबिल दोनदा भरलं गेलं तर ऑटो-पे लावा, पासबुक काढून घ्यायची गरज नाही, हे मी मुलांना त्याच पोस्टमध्ये लिहिलं होतं, तुम्ही बहुतेक खुर्चीपाशीच चिडून थांबलात :)

पुढच्या चेकअपला बीपी उभं राहूनही घ्यायला सांगा. आणि काकूंना विचारा, वर्षभरात तुम्ही कुठं कुठं जायचं बंद केलंत ते.