ड्रायव्हर लोकांचं जेवण मागच्या बाजूला

गेल्या रविवारी एका लग्नात मला ड्रायव्हरचं कूपन मिळालं. गुलाबी कागद, त्यावर कार्यालयाचा गोल शिक्का आणि बॉलपेनने लिहिलेलं 'चालक, १'. त्या लग्नात मी नवरीच्या आतेबहिणीचा नवरा होतो. पांढरा कुर्ता, खांद्यावर उपरणं, कानात अत्तराचा फाया, आणि 'आज तरी चेहरा नीट ठेवा' ही बायकोची तंबी, एवढा सगळा जामानिमा अंगावर असताना मिळालं. कारण माझी गाडी.

गाड्यांची ओळख उरकून टाकतो. माझी महिंद्राची एक्सयूव्ही ७००, डिझेल, सात सीटांची. साडूची मर्सिडीज जीएलए २००, पेट्रोल, पाच सीटांची. माझी ४६९५ मिलिमीटर लांब, त्याची ४४१२. म्हणजे माझी जवळजवळ २८ सेंटिमीटर लांब, साडेपाच सेंटिमीटर रुंद आणि चौदेक सेंटिमीटर उंच. ताकद माझी १८५ पीएस, त्याची १६३. त्याचं इंजिन १३३२ सीसीचं, मर्सिडीजने रेनॉबरोबर मिळून बनवलेलं. त्याचाच सख्खा भाऊ २०२० साली आपल्याकडे डस्टरमध्येही येत होता. हे सगळं मी या लग्नाच्या आधीपासून पाठ केलेलं आहे, आणि साडूला आजवर एकदाही ऐकवलेलं नाही. तो स्वतःच्या गाडीबद्दल कधी बढाई मारत नाही. बढाई मारली असती तर उत्तर देता आलं असतं. त्याच्या गाडीच्या पैशांत माझ्या दोन येतात, एवढंच काय ते त्याच्या बाजूचं.

लग्न बायकोच्या मामेबहिणीचं, पुण्यात म्हात्रे पुलाजवळच्या डी.पी. रस्त्यावर. कामांची वाटणी कुणी बसून केली नव्हती, ती झालेलीच होती. साडूने नवरदेवाला आणायचं. मी 'बाकीचं' बघायचं.

बाकीचं म्हणजे पुढे सासूबाई, मधल्या रांगेत दोन मावश्या आणि बायको, तिसऱ्या रांगेत धाकटी मामी आणि भाचा. शिवाय रुखवत. कंपनी कोणतीही असो, या मापाच्या सातसीटी गाडीत तिसरी रांग उघडली की डिकीत उरते ती जागा फक्त फोटोत मोठी दिसते. त्यामुळे साखरेच्या सप्तपदीचं खोकं, चुरम्याच्या लाडवांचा डबा आणि विणलेली बाळंतविड्याची टोपडी मागे कोंबली, आणि खोबऱ्याचं तुळशीवृंदावन धाकट्या मामीच्या मांडीवर आलं. गुडघे हनुवटीशी आणि वृंदावन गुडघ्यांवर, अशा अवस्थेत ती बाई सिंहगड रस्त्याचे सगळे गतिरोधक बसून आली. प्रत्येक गतिरोधकाला मागून 'हळू हो जावईबापू' असं येत होतं. आवाज वृंदावनातून येत असल्यासारखा.

कार्यालयाच्या फाटकाशी तो उभा होता. खाकी शर्ट, गळ्यात शिट्टी, हातात ती लाल दिव्याची नळी, सकाळचे साडेनऊ वाजले तरी पेटलेली. त्याने हात आडवा केला.

"गाडी कुनाची?"

"माझी."

"तसं नाय. मालक कोन?"

"मीच मालक."

त्याने गाडीकडे पाहिलं. तेव्हा गाडीतून माणसं उतरत होती, आणि आमच्यात हे प्रकरण बराच वेळ चालतं. आधी सासूबाई, आणि त्यांची काठी. मग एक मावशी. मग दुसऱ्या मावशीची चप्पल सापडेना. मग बायको. मग मधली सीट दुमडून तिसऱ्या रांगेतून आधी वृंदावन बाहेर आलं, त्यामागे मामीचे दोन हात, आणि बऱ्याच वेळाने मामी. भाचा डिकीतून उतरला. शिट्टीवाला मनात मोजत होता, ते त्याच्या ओठांवर दिसत होतं.

"अजून ट्रिपा किती हायेत?"

"कसल्या ट्रिपा?"

"पावन्यांच्या. स्टेशनला जानार ना परत?"

"अहो, मी पाहुणाच आहे."

"बरं," तो म्हणाला. ज्या सुरात डॉक्टर पेशंटला 'बरं' म्हणतात त्या सुरात. मग खिशातून कुपनांचं पुस्तक काढून एक फाडलं आणि माझ्या हातात ठेवलं. "ड्रायव्हर लोकांचं जेवन मागच्या बाजूला. जनरेटरपाशी. साडेअकराला चालू होतं, लवकर या, पुऱ्या संपत्यात."

मी त्याला गाडीची नंबरप्लेट दाखवली. पांढरी. भाड्याच्या गाडीची पिवळी असते, हे शाळेतल्या पोरालाही कळतं.

"पांढऱ्यावर पन धंदा करत्यात आजकाल," तो म्हणाला. "आमच्या चुलत्याचीच हाये. हीच गाडी. हाच रंग."

मी खांद्यावरचं उपरणं दाखवलं.

"ते कॅटरिंगवाल्यांनी वाढप्यांना पन दिलंय."

खरोखरच दिलं होतं. मागून एक पोरगा माझ्यासारख्याच उपरण्यात बर्फाची लादी घेऊन गेला.

एवढ्यात साडू आला. झेंडूच्या माळांखाली लपलेली ती बुटकी गाडी फाटकात शिरली, आणि या माणसाने शिट्टी फुंकली नाही, नळी हलवली नाही. सरळ उभा राहून सलाम ठोकला. गाडी पोर्चमध्ये गेली. नवरदेव उतरला, मेहुणी उतरली, साडू उतरला. तीन माणसं, एकही डबा नाही. उतरता उतरता नवरदेव गाडीतल्या ६४ रंगांच्या दिव्यांबद्दल काहीतरी विचारत होता. माझ्या गाडीत एक दिवा आहे, तो मावशीने चप्पल शोधायला लावला होता.

"तिला पोर्च का?" मी विचारलं.

"साहेबांची हाये."

"अहो, ती माझ्या गाडीपेक्षा लहान आहे. फूटभर आखूड. ताकद कमी. सीटा कमी."

आयुष्यात पहिल्यांदाच मी ते सगळं आकडेवारीसकट कुणाला तरी ऐकवत होतो, आणि समोर हा. त्याने मात्र मान डोलावत, मधे न बोलता ऐकून घेतलं. घरी असं कुणी ऐकत नाही.

"म्हंजे तुमची मोठी हाये," तो म्हणाला.

"हो!"

"मग पोर्चात मावंल कशी? मोठ्या गाड्या खाली ग्राउंडला."

यावर काय बोलणार? मी शेवटचा मुद्दा काढला. म्हटलं, त्या गाडीला एवढा सलाम कसला, दोन्ही गाड्या चाकणच्याच कारखान्यांतून निघालेल्या.

त्याचा चेहरा एकदम खुलला. "मी पन तिकडचाच! आमच्या भावकीची जमीन एमायडीसीत गेली की. त्या पैशात चुलत्यानं गाडी घेतली, सांगितली ना, हीच. दोन वर्सं मिरवली. आता भाड्यानं लावलीय." थोडं थांबून, नळी विझवत तो म्हणाला, "मोठी गाडी शेवटी धंद्यालाच लागती, साहेब."

पहिल्यांदा 'साहेब' म्हणाला, तेही गाडी खाली पाठवताना. ज्या चाकणच्या भुईकोटात १६६० साली फिरंगोजी नरसाळ्यांनी शाइस्तेखानाला जवळजवळ दोन महिने अडवून धरलं, तिकडच्याच या गड्याने मला शिट्टीच्या एका फुंकेत ग्राउंडवर पाठवलं. खानाला मोठं सैन्य घेऊन येऊनही फाटकाबाहेर थांबावं लागलं होतं, हे आठवून जरा बरं वाटलं. पण फार नाही.

ग्राउंडवर चिखल होता. तिथे गाडी लावताना मला कर आठवला, आणि मी खरा चिडलो तो तिथे. मी गाडी घेतली तेव्हा सरकारच्या लेखी एसयूव्ही ठरायला तीन अटी होत्या: लांबी ४००० मिलिमीटरच्या वर, इंजिन १५०० सीसीच्या वर, आणि जमिनीपासूनची उंची १७० मिलिमीटर किंवा जास्त. माझी तिन्हींत पास. म्हणून २८ टक्के जीएसटी आणि वर २२ टक्के सेस, एकूण ५०. साडूचं इंजिन १५०० च्या आत, म्हणून त्याची पन्नास लाखांची गाडी कागदावर मधल्या मापाची, सेस १७, एकूण ४५. महाराष्ट्राचा रोड टॅक्सही तसाच: दहा ते वीस लाखांतल्या माझ्या डिझेलला १४ टक्के, वीस लाखांवरच्या त्याच्या पेट्रोलला १३. रुपयांत त्याने माझ्याहून कितीतरी जास्त भरले, ते ठीक आहे, त्याचे होते, त्याने भरले. पण सरकारने मला एसयूव्हीवाला म्हणून पन्नास टक्क्यांनी कापायचं आणि फाटकावर मात्र मी टुरिस्टवाला! कुठल्यातरी एका ठिकाणी तरी मोठं माणूस म्हणा की. २२ सप्टेंबर २०२५ पासून दोघींना सरसकट ४० टक्के झाले. माझे गेलेले परत मिळाले नाहीत.

त्यात ती १७० मिलिमीटरची उंची रिकाम्या गाडीची धरायची, असा खुलासा जीएसटी परिषदेने जुलै २०२३ मध्ये केला. रिकाम्या! माझी गाडी रिकामी कुणी पाहिली आहे? दोन मावश्या, सासूबाई आणि लाडवांचा डबा आत असताना कुणी इन्स्पेक्टर पट्टी घेऊन आला असता, तर मीही त्या व्याख्येतून खालच्या खाली निसटलो असतो.

जेवायला मी मागेच गेलो. पुढे बुफेची रांग स्टेजपर्यंत पोचली होती, आणि पुऱ्या संपतात हे मला अधिकृत सूत्रांकडून कळलेलं होतं. मागे जनरेटर धडधडत होता, प्लॅस्टिकच्या खुर्च्या होत्या, आणि गाड्यांबद्दलची अशी चर्चा चालू होती की कुठल्याही शोरूममधल्या टायवाल्या पोराने वही घेऊन बसावं. एका बिल्डरचा ड्रायव्हर अशाच एका महागड्या छोट्या गाडीबद्दल सांगत होता. चालवायला लोणी, म्हणे, बोटाने वळते, गल्लीतून निघते. पण मालकाच्या आईला मागे बसवताना डोक्यावर हात धरावा लागतो, नाहीतर छत लागतं. उतरताना तर ओढूनच काढायचं, सीटच खाली. दुसरा म्हणाला, म्हातारी माणसं असली की उंच गाडीच बरी, सरळ पाय टाकून बसतात. पण उंच गाडी घाटात मागच्यांना गदगदा हलवते, तिसऱ्या रांगेत बसवायचं तर आधी लिंबू द्यायचं. तिसरा, जो बराच वेळ फक्त पुऱ्या खात होता, म्हणाला, "ज्या गाडीत एसीचा वारा मागपर्यंत जातो ती चांगली. कारण मागचे ओरडत नाहीत." सगळ्यांनी हसून माना डोलावल्या. मी सगळ्यात जोरात डोलावली.

एकाने मला विचारलं, "कुणाकडे आहात?"

"सासरच्यांकडे," मी म्हटलं.

"जुनी पार्टी?"

"लग्नापासून."

"पगार वेळेवर देतात?"

मी हसलो. जिलेबी मात्र मागे नव्हती. पुढच्यांना जिलेबी आणि मठ्ठा, मागच्यांना बुंदी आणि जारचं पाणी. नवरीच्या बापाने ताटामागे पैसे मोजले होते, मागच्या ताटांचेही. मी मामांना हे सांगायला गेलो, तर ते म्हणाले, "बरं झालं भेटलात, गुरुजींना स्टेशनवर सोडायचंय. तुमची गाडी बाहेरच आहे ना?"

संध्याकाळी पाठवणीला नवरी-नवरदेव साडूच्या गाडीत बसले. नवरीची मोठी बॅग त्या डिकीत शिरेना. दोन जण ढकलत होते, तिसरा फुलं सांभाळत होता. शेवटी सगळ्यांनी एकदम मागे वळून पाहिलं, आणि मी कुठे आहे हे कुणालाच शोधावं लागलं नाही. बॅग, आहेराची भांडी, उरलेले लाडू आणि नवरदेवाची एक आजी घेऊन मी मागून निघालो. फाटकातून बाहेर पडताना शिट्टीवाल्याने पुढच्या गाडीला सलाम केला आणि मला हाताने 'चला, चला, पाठोपाठ' अशी खूण केली.

बुधवारी साडूचा फोन आला. त्याचे आईवडील, बहीण आणि तिची मुलं असे सगळे कोल्हापूरला अंबाबाईच्या दर्शनाला निघाले होते.

"दादा, तुमची गाडी मिळेल का दोन दिवस? आमच्यात कुणी मावत नाही हो."

मी विचार करून सांगतो म्हणालो. बायकोने आदल्या रात्रीच हो म्हणून सांगितलं होतं. चावी न्यायला येताना तो स्वतःची गाडी आमच्या पार्किंगमध्ये लावून गेला, म्हणाला, तुमची गैरसोय नको.

काल सकाळी ती घेऊन मी दूध आणायला निघालो. दूधवाला चालत पाच मिनिटांवर आहे. सोसायटीचा वॉचमन गेली कित्येक वर्षं मला ओळखतो, माझ्या गाडीसाठी फाटकाची एकच झडप उघडतो आणि बाकी मी कसरत करून काढतो. काल त्याने खुर्चीवरून उठून दोन्ही झडपा उघडल्या आणि सलाम केला.

मी काच खाली केली नाही. त्याच्याशी बोलणं सध्या बंद आहे.