चाकू कुणाचा यावर भांडण, बाईचं मात्र विचारायचं राहिलं

२०२०च्या नोव्हेंबरात आयुर्वेदाच्या शल्य पदव्युत्तरांना मूळव्याध, फिशर (गुदद्वाराची चीर), भगंदराच्या ऑपरेशनची अधिकृत मुभा मिळाली आणि ११ डिसेंबरला ॲलोपॅथीवाल्यांनी संप केला. कोल्हापुरातही वाद तिथंच घोटाळतो: क्षारसूत्र (आयुर्वेदातला औषधी दोरा) की लेसर? ब्रिटनमध्ये बसून हे वाचताना खटकतं ते वेगळंच. ऑपरेशननंतर बाईला नवऱ्याजवळ कधी जाता येईल, दुखलं तर काय करायचं, याचा उल्लेखच नसतो.

गुदद्वार आणि योनी यांच्यात जेमतेम तीन-चार सेंटिमीटरचं अंतर, आणि दोन्हींना पेलणारे स्नायू एकच. शौचाच्या कळेच्या धास्तीनं ते आठवडेच्या आठवडे आवळलेले राहतात. मोडांच्या ऑपरेशनची उघडी जखम साधारण चार ते सहा आठवड्यांत भरते, पण स्नायू सैल व्हायला विसरलेले असतात. संबंधाच्या वेळी बाईला वाटतं, जखमच दुखतेय. अशा वेळी आवळण्याचे व्यायाम त्रास वाढवतात (मोबाईलवर नेमके तेच सांगतात!). शिकायचं ते सोडणं: कुशीवर झोपून गुडघे पोटाशी घ्यायचे, श्वास आत घेताना पोट फुगू द्यायचं, खालचा भाग ढिला सोडायचा. पाच मिनिटं, दिवसातून दोनदा.

तांबडा रस्सा बंद करा, हे सगळेच सांगतात. इसबगोलावर पेलाभर पाणी प्यायलं नाही तर उलट खडा होतो, हे फार थोडे. शौचानंतर दहा-पंधरा मिनिटं नुसत्या कोमट पाण्यात बसावं. जंतुनाशक घालू नये, कातडी जळजळते. संबंधाच्या वेळी व्हॅसलिनसारख्या तेलकट मलमानं कंडोम फाटू शकतो, म्हणून वंगण पाण्याचंच घ्यावं. अंगावर पाजणाऱ्या आणि पाळी गेलेल्या बायकांना कोरडेपणामुळे ते जास्तच लागतं.

खरी चूक बरेचदा ऑपरेशनआधीच होते. बाईचा गुदाचा स्नायू पुढच्या बाजूनं आखूड असतो, त्यात बाळंतपणात तो फाटलेला असेल तर फिशरसाठी आणखी कापल्यावर वायू रोखता येईनासा होऊ शकतो. त्या लाजेनं ती नवऱ्यापासून लांब झोपते. म्हणून आधी सहा-आठ आठवडे डिल्टियाझेमचं, म्हणजे गुदाचा स्नायू सैल करणारं, मलम लावून बघावं, आणि "बाळंतपणात फाटलं होतं का, बाळ काढायला चिमटा लावला होता का?" हे विचारावं.

इथं ओटीपोटाच्या स्नायूंची फिजिओथेरपी सरकारी सेवेत मिळते. रांग लांब असते, आणि विषय आपणहून काढणारे सर्जन इथंही कमीच. पण खोलीत बाई एकटी असते. आपल्याकडे शेजारच्या खुर्चीत सासू. पाच मिनिटं तिला बाहेर बसवायला यंत्र लागत नाही. तेवढ्यात एक तरी विचारावं: योनीतून वारा किंवा मळ येतो का? येत असेल तर दोन्ही वाटा जोडल्या गेल्या असण्याची शक्यता आहे, आणि मग अंगावर न काढता लगेच तपासायला हवं.