भिजलेला मोबाईल तांदळात पुरू नका

कोयनेतून विसर्ग वाढवल्याची बातमी आली की सांगलीत दोन गोष्टी लगेच सुरू होतात. जो तो कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळची पाणीपातळी विचारायला लागतो, आणि ‘पुरात मोबाईल भिजला तर हे करा, सगळ्या ग्रुपवर पाठवा’ हा मेसेज फिरायला लागतो. यंदा तो मला एकाच दिवसात चौघांकडून आला. त्यातली एक माझी सख्खी मावशी.

मेसेजात सात सूचना आहेत. भिजलेला फोन एक दिवस तांदळाच्या डब्यात ठेवा. हेअर ड्रायरनं किंवा उन्हात वाळवा. मग चार्जिंगला लावा, आतली ऊब उरलंसुरलं पाणी उडवते. स्पीकरमधलं पाणी काढणारा व्हिडिओ लावा. आयपी 68 लिहिलेल्या फोनला पाण्याची भीती नाही. विजा होत असताना मोबाईल बंद करा, तो वीज ओढून घेतो. आणि फोन गेलाच तर काळजी नको, नव्या फोनवर नंबर टाकला की व्हॉट्सॲपवरचं सगळं परत येतं.

मी मोबाईल आणि लॅपटॉप दुरुस्त करतो. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 57 फुटांपुढे गेलं आणि जुलै 2021 मध्ये पुन्हा धोक्याच्या पातळीच्या कितीतरी वर आलं. दोन्ही वेळा पूर ओसरल्यावर माझ्या टेबलावर पाणी गेलेल्या सेटशिवाय काही नव्हतं. त्यातले बरेच वाचण्यासारखे होते. पाण्यानं नव्हे, नंतरच्या उपचारांनी ते गेले. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

तांदळापासून सुरू करतो, कारण सगळ्यात जास्त नुकसान त्यानंच होतं. कर्नाळ रोडवरच्या एक काकू पूर ओसरल्यावर फोन घेऊन आल्या होत्या. चार दिवस तांदळाच्या डब्यात अगदी जपून ठेवलेला. चार्जिंगच्या जॅकमध्ये तांदळाचा एक दाणा फुगून घट्ट बसला होता, तो सुईनं तुकड्यातुकड्यानं काढावा लागला. मागचं कव्हर उघडलं तर आत पाण्याचा थेंब नव्हता. सगळं कोरडं. पण बोर्डावरची, म्हणजे सगळ्या चिपा बसवलेल्या आतल्या पाटीवरची, पत्र्याची झाकणं काढून मायक्रोस्कोपखाली धरलं तेव्हा चार्जिंगच्या चिपभोवती हिरवट पांढरी बुरशीसारखी पुटं चढली होती आणि शेजारच्या दोन बारीक पार्टचे पाय खाऊन गेले होते. ब्रश लावला तसे ते सुटून आले. त्या फोनमध्ये मुलीच्या लग्नाचे फोटो होते आणि दुसरीकडे कुठेही नव्हते.

हे का होतं ते समजून घेतलं की बाकीचं आपोआप कळतं. शुद्ध पाण्यातून वीज फारशी वाहत नाही. पण पुराचं पाणी शुद्ध नसतं. त्यात गाळ असतो, गटाराचं पाणी असतं, शेतातून वाहून आलेलं खत असतं, म्हणजे क्षार असतात. फोन चालू असेल किंवा बॅटरी जोडलेली असेल तर बोर्डावर कुठे ना कुठे तीन-चार व्होल्ट असतातच. दोन तारांमध्ये असं खारं पाणी आलं की त्यातून करंट वाहतो आणि तांबं विरघळायला लागतं. हे काम तासातासानं पुढे सरकतं. तांदूळ काय करतो? आजूबाजूच्या हवेतला थोडा दमटपणा घेतो. चिपखाली केसाएवढ्या फटीत ओढलं गेलेलं पाणी तो बाहेर खेचू शकत नाही, आणि पाणी सुकलं तरी क्षार तिथेच राहतात. उघड्या हवेत पंख्यासमोर ठेवलेला फोनसुद्धा डब्यातल्या फोनपेक्षा चांगला वाळतो, कारण डब्यात हवा खेळत नाही. वर तांदळाची पूड आणि स्टार्च जॅकमध्ये, स्पीकरच्या जाळीत शिरतात. ॲपलनं तर आयफोनसाठी स्पष्ट लिहून ठेवलंय की फोन तांदळाच्या पिशवीत ठेवू नका, बारीक कणांनी नुकसान होऊ शकतं.

माझी तांदळावरची खरी तक्रार वेगळी आहे. तो माणसाला समाधान देतो. काहीतरी केलं असं वाटतं आणि ज्या 24 तासांत बोर्ड धुऊन घ्यायला हवा तेच 24 तास डब्यात जातात.

त्याच पुरात सांगलीवाडीचा एक कॉलेजचा मुलगा आला होता. फोन पाण्यात पडला, त्यानं बाहेर काढून लगेच बंद केला, सिमचा ट्रे काढला, बाहेरून पुसून सुती रुमालात गुंडाळून संध्याकाळपर्यंत माझ्याकडे आणला. बटण एकदाही दाबून बघितलं नव्हतं. आम्ही बॅटरी सोडवली, बोर्ड आयसोप्रोपाइल अल्कोहोलमध्ये मऊ ब्रशनं धुतला, वाळवला. जॅकची पट्टी तेवढी बदलावी लागली. पाणी दोघांकडे एकाच नदीचं होतं.

हे धुणं घरी करू नका. ते अल्कोहोल पटकन पेट घेतं आणि बॅटरी जोडलेली असताना ते ओतण्यात अर्थ नाही. सॅनिटायझर तर मुळीच नको, त्यात पाणी आणि ग्लिसरीन दोन्ही असतात.

आता ड्रायर. गरम झोत पाण्याला बाहेर काढण्याऐवजी आणखी आत ढकलतो. डिस्प्ले आणि मागचं कव्हर ज्या गोंदानं चिकटवलेलं असतं तो गोंद उष्णतेनं सैल होतो. लिथियमच्या बॅटरीला उष्णता सोसत नाही. ॲपल आयफोन 0 ते 35 अंशांत वापरायला सांगतं, आणि ड्रायरचा झोत त्याच्या कितीतरी पुढचा असतो. पुरानंतर कडक ऊन पडलं की पत्र्यावर ओळीनं वाळत घातलेले फोन मी पाहिलेत. बॅटरी फुगून कव्हर वर आलेला फोन असेल तर तो दाबू नका, टोचू नका, घरात उशाशी ठेवू नका.

‘चार्जिंगला लावा, ऊब सुटते’ ही ओळ ज्यानं कुणी लिहिली त्याला मी हात जोडून विनंती करतो, ती काढून टाक. वर सांगितलेलं तांबं खाण्याचं काम चार्जरची वायर जोडल्याजोडल्या जोरात सुरू होतं, आणि आत शॉर्ट असेल तर फोन तापतो, बॅटरी पेटायचाही धोका असतो. हल्ली बऱ्याच फोनमध्ये जॅक ओला असेल तर थेंबाचं चित्र किंवा सूचना येते आणि फोन चार्जिंग घेत नाही. लोक तो बिघाड समजतात आणि दुसरा चार्जर लावून बघतात. तो बिघाड नाही, फोन स्वतःला वाचवतोय. जॅक खाली धरून फोन तळहातावर हलका आपटा, हवेशीर जागी ठेवा, किमान अर्धा तास थांबा. पूर्ण वाळायला एक दिवसही लागू शकतो. कापूस, काडी, टिश्यू आत घालू नका. हे पावसाच्या शिंतोड्यांचं झालं. पुराच्या पाण्यात बुडालेला फोन वाळवून चालू करायचा नसतो, तो उघडूनच बघायचा असतो.

आवाजाच्या व्हिडिओबद्दल थोडक्यात. स्पीकरचा पडदा हलवून जाळीतलं पाणी बाहेर फेकता येतं हे खरं आहे. ॲपलच्या घड्याळात 2016 पासून ही सोय आहे. पण ते पाणी स्पीकरच्या तोंडाशी असलेलं. बोर्डापर्यंत गेलेल्या पाण्याला त्या आवाजाचा काही उपयोग नाही, आणि व्हिडिओ लावायला फोन चालू ठेवावा लागतो, तेच तर करायचं नाही.

आयपी 68 बद्दल मात्र लोकांचा दोष नाही, जाहिरातीच तशा असतात. आयपी म्हणजे धूळ आणि पाणी फोन किती अडवतो याचा दर्जा. यातला पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. 67 म्हणजे एक मीटर पाण्यात 30 मिनिटं. 68 ची खोली आणि वेळ कंपनी स्वतः ठरवते, म्हणून दोन फोनवरचं 68 सारखं असेलच असं नाही. चाचणी नव्या फोनवर, स्वच्छ गोड्या पाण्यात, प्रयोगशाळेत होते. तुमचा फोन तीन वर्षांचा आहे, दोनदा पडलाय, एकदा डिस्प्ले बदललाय. कडेचं सील आता तसं राहिलेलं नाही. कंपन्या स्वतःच सांगतात की ही ताकद वापरानं कमी होते, आणि पाण्यानं झालेलं नुकसान बहुतेक वेळा वॉरंटीत बसत नाही. सिमच्या ट्रेजवळ किंवा आत एक छोटी पांढरी पट्टी असते, पाणी लागलं की ती लाल होते. सर्व्हिस सेंटरला ती आधी बघतात. 68 असेल तर आनंदच आहे, पण त्या भरवशावर फोन हातात धरून गुडघाभर पाण्यात शूटिंग करायला उतरू नका.

विजेची सूचना चुकीची तर आहेच, पण धोक्याचीही आहे. वळवाच्या पावसात जत-आटपाडीकडे माळावर वीज पडून माणसं आणि जनावरं जातात, हे आपल्या जिल्ह्याला नवं नाही. पण वीज उंच, एकटी, उघड्यावर उभी असलेली वस्तू शोधते. झाड, खांब, माळावर उभा माणूस. मोबाईलच्या लहरी तिला बोलावत नाहीत. धोका आहे तो चार्जरला लावलेल्या फोनचा आणि भिंतीत खुपसलेल्या वायरींचा, कारण जवळ वीज पडली तर विजेचा दाब तारांतून घरात येतो. म्हणून विजा सुरू झाल्या की चार्जर, टीव्ही, कॉम्प्युटर आणि इंटरनेटच्या राउटरची पिन काढा. मोबाईल मात्र चालू ठेवा. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं ‘दामिनी’ ॲप तुमच्यापासून 20 आणि 40 किलोमीटरच्या आत विजेची शक्यता असेल तर सांगतं. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचं ‘सचेत’ हे आपत्तीचे इशारे देणारं ॲप आहे. 2023 मध्ये सगळ्यांचे फोन एकाच वेळी मोठ्यानं वाजले होते, ती आपत्तीच्या इशाऱ्याची चाचणी होती. बंद फोनवर यातलं काहीही येत नाही. मेंढरं घेऊन माळावर असलेल्या माणसाला फोन बंद करायला सांगणं म्हणजे त्याचा इशारा काढून घेणं.

आणि शेवटची, ‘नंबर टाकला की सगळं परत येतं’. परत येतो तो फक्त नंबर आणि ग्रुप. जुने मेसेज, फोटो, मावशीचे व्हॉइस मेसेज हे तुमच्या फोनमध्ये असतात. ते परत हवे असतील तर बॅकअप चालू असायला हवा, अँड्रॉइडवर गुगल खात्यात, आयफोनवर आयक्लाउडवर. आत्ता, हे वाचता वाचता बघा: व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये चॅट्स, तिथे चॅट बॅकअप, आणि शेवटचा बॅकअप कधीचा आहे ती तारीख. माझ्याकडे येणाऱ्या कित्येकांची ती तारीख वर्षापूर्वीची असते. कारण एकच, गुगलची फुकटची 15 जीबी जागा फोटोंनी भरलेली असते आणि व्हॉट्सॲपचा बॅकअप आता त्याच जागेत मोजला जातो. नको असलेले व्हिडिओ उडवा, जागा करा, बॅकअप हातानं एकदा चालवा. हल्लीच्या फोनमधली साठवण कुलूपबंद असते आणि किल्ली त्याच बोर्डावर असते, त्यामुळे ‘चिप काढून फोटो द्या’ हे आम्हाला जमत नाही. बोर्ड जिवंत झाला तरच फोटो.

सिमचंही तसंच. भिजलेल्या फोनमधलं सिम काढा, पुसा, दुसऱ्या साध्या फोनमध्ये घाला. सिम सहसा पाण्यानं मरत नाही. डुप्लिकेट सिम घेतलंत तर पहिले 24 तास त्यावर एसएमएस येत नाहीत, म्हणजे बँकेचा ओटीपीही नाही, आणि पुराच्या आठवड्यात तोच एक दिवस जड जातो. आधार, पॅन डिजिलॉकरमध्ये घेऊन ठेवा. सातबारा डिजिटल सहीचा ऑनलाइन मिळतो. पंचनाम्याच्या वेळी कागद भिजला म्हणून अडायला नको.

मेसेजात घरातल्या कॉम्प्युटरचा एक शब्द नाही, म्हणून तेही सांगतो. गावभागात, दत्तनगरात, कृष्णाकाठच्या गल्ल्यांत तो बहुतेक खालच्या मजल्यावर जमिनीलगत असतो. आपला पूर ढगफुटीसारखा अंगावर येत नाही, फुटाफुटानं चढतो. आयर्विन पुलाजवळ 40 फूट ही इशारा पातळी, 45 धोक्याची. चाळिशी गाठली की पिन काढून कॅबिनेट माडीवर न्या. यूपीएस आधी बंद करून तोही न्या, त्यात बॅटरी असते आणि लाईट गेली तरी करंट असतो. नेता येत नसेल तर कॅबिनेटची बाजूची पट्टी उघडून हार्ड डिस्क काढा, चार स्क्रू आणि दोन वायरी असतात, आणि ती टॉवेलमध्ये गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत वर ठेवा. राहूनच गेली आणि बुडाली, तर धुऊन, वाळवून, चालू करून बघू नका. तिला हवेसाठी एक बारीक भोक असतं, तिथून गाळ आत गेलेला असू शकतो, आणि एकदा फिरली की त्या गाळानं आतली तबकडी खरवडून निघते. ओली असेल तशीच पिशवीत बांधून डेटा काढणाऱ्याकडे न्या.