आडातली वात

आमच्या लातुरात माणसाची ऐपत त्याच्या गाडीवरून ठरत नाही, बॅरलवरून ठरते. आमच्याकडे २०० लिटरचे तीन निळे बॅरल, एक हौद आणि गच्चीवर एक टाकी आहे. म्हणजे आम्ही मध्यमवर्गीय. नळ आठवड्यातून एकदा येतो आणि येण्याची वेळ फक्त त्यालाच माहीत असते. २०१६च्या एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे आली, तेव्हा मीही स्टेशनवर बघायला गेलो होतो. पहिल्या गाडीला दहा वाघिणी, पाच लाख लिटर पाणी. घरी येऊन मायला आकडा सांगितला तर ती म्हणाली, "गावाला वाटून तांब्याभर तरी येतंय का बग." त्या उन्हाळ्यात टाक्यांजवळ जमावबंदी लागली होती. ती नंतर उठली, पण आमच्या हौदाजवळ अजून लागू आहे. तांदूळ धुतलेलं पाणी तुळशीला, कपड्यांचं फरशीला, फरशीचं संडासाला. एक लिटर पाणी आमच्या घरात तीन जन्म घेतं.

अशा घरात ते झाड आलं.

मुलगा पुण्यात नोकरीला होता, तो जर्मनीला निघाला. जाताना गादी विकली, फ्रिज विकला, गाडी मित्राला दिली आणि झाड टेम्पोत घालून आमच्याकडे पाठवलं. फिडल लीफ फिग. जवळजवळ सहा फूट उंच, एकेक पान एवढं की मायने पहिल्याच दिवशी विचारलं, "पत्रावळ हुईल का याची?" मूळचं पश्चिम आफ्रिकेतल्या पावसाळी जंगलातलं, आणि उतरलं लातूरला, मे महिन्याच्या तोंडावर. झाडालाही पत्रिका असते म्हणतात ते खोटं नसावं.

व्हिडिओ कॉलवर मुलगा आधी झाड बघतो, मग आम्हाला. "बाबा, जास्त पाणी घातलं की याची मुळं सडतात आणि कमी घातलं की पानं गळतात." मी म्हटलं, मग नेमकं किती घालू? तर म्हणाला, "तुम्ही घालूच नका, त्याचं त्याला घेऊ द्या." आणि त्याने वातीची पद्धत समजावली. खाली पाण्याचं भांडं, वर कुंडी. कुंडीत माती नाही, तर हलकं, हवा खेळेल असं काहीतरी. कुंडीच्या बुडातून वाती खाली पाण्यात सोडायच्या. पाणी वातीतून आपोआप वर चढतं. पाण्यातच खत विरघळवलेलं. लाईट नको, मोटार नको. लातूरच्या माणसाला "लाईट नको, मोटार नको" एवढं ऐकवलं की तो कशालाही तयार होतो.

पहिला प्रश्न वातीचा. मला वाटलं, सोपं आहे, आपला मराठवाडा कापसाचा. जुन्या बनियनच्या पट्ट्या फाडल्या. पण कापूस सतत पाण्यात राहिला की कुजतो. तीन आठवड्यांत बैठकीच्या खोलीत असा वास सुटला की पाहुणे चहा न घेता उठू लागले. तेवढा एक फायदा सोडला तर प्रयोग फसला. वात सिंथेटिकच हवी.

म्हणून गंजगोलाईत गेलो. गोलाईला सोळा रस्ते फुटतात आणि सोळाही रस्त्यांवर दोरी मिळते. पण "पाणी पिणारी दोरी द्या" असं म्हणणारं गिऱ्हाईक त्या दुकानदाराने पाहिलं नव्हतं. "बैलाला बांधायची का कपडे वाळू घालायचे?" मी म्हटलं, झाडाला पाणी पाजायचं. त्याने चारपाच बंडलं पुढे टाकली. मी त्याच्याच प्यायच्या पाण्याचा ग्लास घेतला आणि प्रत्येक दोरीचं टोक त्यात बुडवून उभा राहिलो. एकही दोरी भिजेना. पाणी तिच्यावरून तेलासारखं ओघळत होतं. मागे रांग लागली. एक बाई परकराची नाडी घ्यायला आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "भाऊ, इथं पोहायला शिकवायलाव का दोरीला?" शेवटी शरमेने पाच मीटर घेऊन आलो.

घरी मायने दोरी हातात घेतली, दोन बोटांत चोळली. "नवी हाय. नवा टॉवेल तरी पाणी धरतो का? धू आधी." आणि खरंच, गरम पाण्यात साबण टाकून दोनदा खळखळून धुतली तर तीच दोरी हापापल्यासारखी पाणी ओढू लागली. नव्या धाग्यावर काहीतरी तेलकट चढवलेलं असतं, ते निघाल्याशिवाय पाणी धाग्यांच्या बारीक फटींतून चढत नाही. पुढे मुलाने मला केशाकर्षणाचा नियम पाठवला. फट जितकी अरुंद, तितकं पाणी उंच चढतं. मायने हा नियम पंचे धुऊन शिकलेला होता.

आता कोकोपीट. याबद्दल मला जरा सविस्तर बोललं पाहिजे, कारण त्या रात्रीनंतर दोन दिवस ही माझ्याशी बोलली नव्हती.

कोकोपीट म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुगा, दाबून केलेली वीट. मी पाच किलोची वीट आणली. आकाराने पाटाएवढी. वेष्टणावर लिहिलं होतं की भिजवल्यावर सत्तरेक लिटर भुगा होतो. मी हे वाचलं होतं. पण वाचणं वेगळं आणि समोर होताना बघणं वेगळं. नळ येऊन पाच दिवस झालेले, म्हणजे बॅरल तळाला. मी विचार केला, दोन तांबे पाणी घालू, बाकी हवेतला ओलावा ओढेल. वीट टबात ठेवली, दोन तांबे घातले. विटेने ते पाणी कुठे गेलं याचा मागमूस ठेवला नाही. आणखी दोन घातले. मग बादली. मग दुसरी बादली. वीस-पंचवीस लिटर गेलं तेव्हा कुठे ती खुलली. आणि अशी खुलली की टब भरला, मग घमेलं भरलं, मग धुण्याची बादली, मग मायचं पापडाचं पीठ मळायचं पातेलं. रात्रीचे साडेअकरा. मी न्हाणीघरात गुडघ्यापर्यंत भुग्यात उभा आणि दारात ही. हातात रिकामा तांब्या.

"उद्या तोंड कशानं धुवायचं?"

मी म्हणायला नको होतं, पण म्हणालो, "अजून याचं मीठ काढायचंय. नारळाच्या भुग्यात क्षार असतात, दोन-तीन पाण्यांतून धुवावा लागतो."

ते धुणं पुढच्या नळापर्यंत पुढे ढकलण्यात आलं. शेजारच्यांकडून दोन घागरी उसन्या आल्या. उसनं पाणी आमच्याकडे सोन्यासारखं परत करायचं असतं, घागरीच्या काठापर्यंत. शेजारच्या वहिनींनी देताना विचारलं, "कोण आजारी हाय का?"

दुसरा घटक परलाईट. हा ज्वालामुखीच्या काचेपासून करतात. त्या काचेच्या पोटात थोडं पाणी अडकलेलं असतं. जवळजवळ नऊशे अंशांना तापवलं की पाण्याची वाफ होते आणि दाणा फुलतो. म्हणजे ही दगडाची लाही. मी पोतं फोडलं तर मायला नागपंचमी आठवली. "लाह्या ओतलालास का झाडाला?" तिने मूठभर घेऊन वास घेतला आणि खोकल्याची जी उबळ आली, त्यानंतर मी तोंडाला रुमाल बांधूनच काम केलं. निम्मा भुगा, निम्म्या लाह्या. भुगा पाणी धरतो, लाह्या हवा धरतात. मुळांना दोन्ही लागतं.

झाडाची मुळं धुतानाचा प्रसंग मी टाळतो. मातीचा चिखल झाला, चिखल नालीत गेला, नाली तुंबली, एवढं पुरे.

खतासाठी कृषी सेवा केंद्रात गेलो. एकोणीस-एकोणीस-एकोणीस मागितलं. नत्र, स्फुरद, पालाश सारखंच, पाण्यात पूर्ण विरघळतं, ठिबकवाले सगळे वापरतात. दुकानदाराने वही उघडली. "किती एकर?"

"एक झाड."

"डाळिंब का?"

"नाही, शोचं आहे. बैठकीत असतं."

त्याने वही मिटली. शेजारी एक शेतकरी सोयाबीनच्या बियाण्याची चौकशी करत होते. त्यांनी माझ्याकडे वळून ज्या मायेने पाहिलं, त्या मायेने आपल्याकडे लोक फक्त सासुरवाडीत राहणाऱ्या जावयाकडे पाहतात. एक किलोची पुडी घ्यावीच लागली. लिटरला एक ग्राम म्हटलं तर हे खत माझ्या नातवालाही पुरेल. या खतात कॅल्शियम नसतं, ते वेगळं द्यावं लागतं असं मुलगा म्हणाला. मी त्याला आमच्या बोअरच्या पाण्याने पांढरी झालेली किटली कॅमेऱ्यात दाखवली. त्याने विषय सोडला.

झालं सगळं. खाली डिस्टेंपरची वीस लिटरची उंच बादली, वर कुंडी, बुडातून चार वाती थेट तळापर्यंत. बादली पारदर्शक असली की उजेडाने आत शेवाळ धरतं, म्हणून बाहेरून काळा रंगही मारला. बैठकीच्या कोपऱ्यात ते ध्यान असं दिसे की गॅसवाल्या मुलाने विचारलं, "काका, भट्टी लावली का?"

पहिले चार दिवस उत्तम. मग एक पान गळलं. मग दोन. मुलगा कॅमेऱ्यातून पानं मोजायचा. "बाबा, परवा बावीस होती, आज एकोणीस कशी?" मी पडद्याआड गेलीत म्हणालो. बादलीत पाणी अर्धं शिल्लक, कुंडीत बोट खुपसलं तर भुगा कोरडा. पाणी खाली आहे, तहान वर आहे आणि मधे कुणीतरी खातंय. महाराष्ट्रात हे नवीन नाही, पण माझ्या बादलीत अधिकारी नव्हते.

त्या संध्याकाळी लाईट गेली. माय देवापुढे समई लावत होती. मी शेजारी बसून तिला माझं दुःख सांगत होतो. वात जाड केली, वाती वाढवल्या, तरी पाणी चढत नाही. तिने तेल घातलं, वात पुढे सारली, काडी ओढली.

"समई खोल आसती का रे?"

"म्हणजे?"

"ही एवढी उंच समई. पण तेल कुठं आसतंय? वर, तबकडीत. बोटभर. दांड्यात भरून ठिवलं आसतं तर महिनाभर बगावं लागलं नसतं की. का न्हाई ठिवत?" वात पेटली. "वात बोटभर ओढती. तुझी वात आडातून पाणी ओढलाली."

मी त्या तबकडीकडे बघत बसलो. पन्नास वर्षं ती समई बघतोय. वात जितकी लांब, तितकं पाणी चढायला वेळ जास्त, आणि उन्हाळ्यात एवढ्या मोठ्या पानांना तेवढा वेळ नसतो. बादली भरलेली होती तेव्हा पाणी कुंडीच्या बुडाशी होतं, म्हणून पहिले चार दिवस चाललं. जसजसं उतरलं, तसतशी वात आडात लोंबकळत राहिली. बादली उंच नकोच, पसरट हवी.

मायने लगेच माळ्यावरचं पितळी घंगाळ देऊ केलं. ते नको म्हणताना जड गेलं, पण पितळेत तांबं असतं आणि खताच्या पाण्यात उतरलेलं जास्तीचं तांबं मुळांना सोसत नाही. "आजोबा त्यात अंघोळ करून नव्वद वर्षं जगले," माय म्हणाली. मी म्हटलं, आजोबांना मुळं नव्हती. हे वाक्य मला महाग पडलं.

शेवटी वीतभर खोल, रुंद प्लास्टिकचा टब आणला. कडेला विटा, विटांवर कुंडी, वाती आखूड. थर्मोकोलच्या तुकड्यात अगरबत्तीची काडी रोवून पाण्यावर सोडली, म्हणजे काडी किती खाली गेली यावरून पाणी कळतं. तिसऱ्या दिवशी भुगा वरपर्यंत ओला. पानगळ थांबली. झाड उंबराच्या जातीचं आहे असं मी बोलून गेलो, तेव्हापासून माय दर गुरुवारी त्याला हळदकुंकू वाहते आणि काडीच्या जागी खरीच अगरबत्ती लावते. काडी दर गुरुवारी आखूड होते. पाणी उतरतंय की काडी जळतेय हे गुरुवारी कळत नाही.

मग कोरडा दिवस, म्हणजे डास होऊ नयेत म्हणून आठवड्यातून एकदा पाण्याची भांडी रिकामी करायचा दिवस, तपासायला आरोग्य खात्याच्या ताई आल्या. बॅरल उघडून पाहिले, हौदात टॉर्च मारला आणि बैठकीत येऊन थांबल्या. "हे काय हाय?" मी पुस्तकातल्यासारखं समजावलं. "कधी रिकामं करता?" मी अभिमानाने म्हटलं, हे रिकामं करावंच लागत नाही, हीच तर गंमत आहे.

"डासाचं बी तेच म्हणणं हाय," त्या म्हणाल्या आणि टॉर्च टबात मारला. अळ्या होत्या. चांगल्या धष्टपुष्ट, एकोणीस-एकोणीस-एकोणीसवर वाढलेल्या. औषधाचे थेंब पडले, वहीत माझं नाव पडलं. नंतर हिच्या जुन्या साडीचं दुपदरी फडकं टबावर ताणून बांधलं आणि ताईंना बोलावून दाखवलं.

जूनमध्ये नांदेडला भाचीचं लग्न होतं. पाच दिवस घर बंद. म्हणजे अगदी बंद नाही, राखणीला मेव्हणे येणार होते. त्यांना सांगितलं, झाडाला हात लावायचा नाही, ते स्वयंपूर्ण आहे. टब काठोकाठ भरला, फडकं बांधलं, काडी मुद्दाम बदलली आणि मायकडून गुरुवारची शपथ घेतली.

परत आलो तर काडी पार खाली. मोजून भरलं तेव्हा बारा लिटर मावलं. बारा! आणि वर शेंड्याला नवं पान, अजून गुंडाळलेलं. मी चपलाही न काढता जर्मनीला फोन लावला. पाच दिवसांत बारा लिटर, म्हणजे दिवसाला सव्वादोन लिटरच्या वर, जवळजवळ माझ्याइतकंच पितं. मुलगाही हरखला, त्याने आकडा लिहून घेतला.

तेवढ्यात मेव्हणे केस पुसत न्हाणीघरातून आले. "दाजी, नळ काही आला नाही बरं का. पण तुमचं साडीनं झाकून ठेवलेलं पाणी होतं, त्यावर दोन अंघोळी निभावल्या. जरा बुळबुळीत लागतं, पण अंग कसं मऊ झालंय."

फोन चालूच होता. माय उठली, मेव्हण्यांच्या डोक्याजवळ गेली आणि चष्मा लावून शेंड्याकडे बघू लागली.