‘चार मुलांत सोडा, आपोआप शिकेल’? नाही शिकत

गेल्या महिन्याभरात एकच फॉरवर्ड मला पाच जणांनी पाठवला. पाचही जण आपुलकीचे, म्हणून तिथल्या तिथे भांडलो नाही. मजकूर थोडक्यात असा : ऑटिझमच्या (स्वमग्न) मुलाला थेरपीबिरपी काही नको, चार मुलांत सोडा, सगळं आपोआप शिकतं. बोलताना डोळ्यांत बघायची सक्ती करा. हवं-नको सांगायला चित्रांची कार्डं दिलीत तर आळशी होऊन बोलणारच नाही. आणि सहा वर्षांच्या आत जमलं नाही, तर पुढची मेहनत वाया. माझा मुलगा १७ वर्षांचा आहे. तेव्हा एकेक मुद्दा घेतो.

‘आपोआप’पासूनच सुरुवात करू. आईला आपण ‘अगं’ म्हणतो, बाबांना बऱ्याच घरांत ‘अहो’. आजीला तू, आजोबांना तुम्ही, मामाला कुठे अरे तर कुठे अहो. शाळेतल्या बाई आईच्याच वयाच्या, पण त्यांना चुकूनही ‘अगं’ नाही. हे कुणी कुणाला बसून शिकवतं का? बाकीची मुलं हवेतून उचलतात. आमच्याकडे उचललं गेलं नाही. आई ‘मी जाते’ म्हणते, म्हणून हाही कित्येक वर्षं ‘मी जाते’ म्हणायचा. ‘तुला पाणी हवं?’ याचा त्याच्या लेखी अर्थ ‘मला पाणी हवं’, कारण पेला हातात येण्याआधी कानावर तेच वाक्य पडायचं. चार मुलांत सोडूनही पाहिलं. तासभर तो मैदानाच्या कुंपणाकडेने चालत राहिला आणि मुलं हसत राहिली.

शेवटी वहीत फोटो चिकटवले. अगंवाली माणसं एका पानावर, अहोवाली दुसऱ्या. दीडेक वर्ष गेलं. भाजीवाल्या आजींचा फोटो कुठल्या पानावर लावायचा, यावर आमचंच नवरा-बायकोचं एकमत होईना!

अंगावरच्या कामांचंही तसंच. टी-शर्ट उलट्या टोकाकडून शिकवतात. आपण सगळा चढवून द्यायचा, शेवटी पोटावरून खाली ओढायचं काम त्याचं. ते जमलं की त्याआधीचा हात बाहीतून काढणं त्याचं. असं मागे मागे जायचं. प्रत्येक वेळी काम त्याच्या हातून पुरं होतं, रडारड कमी होते.

दुकानाचा धडा मात्र आम्ही चुकीच्या जागी गिरवला. खेळण्यातल्या नोटा घेऊन टेबलावर त्याला सगळं यायचं. वाण्याकडे गेल्यावर शून्य. दहाची जुनी नोट नारिंगीसर, २०१८ साली आलेली चॉकलेटी, शिवाय दहाचं नाणं. तिन्ही ‘दहा’ कसे? एका जागी शिकलेलं दुसऱ्या जागी आपसूक न जाणं, ही या मुलांची मोठी अडचण. म्हणून किराणा किराण्याच्या दुकानातच शिकवावा लागतो, गिऱ्हाइकांची गर्दी नसेल अशा दुपारी.

मुलांत मिसळू नये, असं मी म्हणत नाही. २०१६चा दिव्यांग हक्क कायदा समावेशक शिक्षणाची जबाबदारी शाळांवर टाकतो आणि ते योग्यच आहे. फक्त ‘सोडा’ हे क्रियापद चुकीचं. खेळ कोणता, आपली पाळी कधी, कंटाळा आला तर कुणाला सांगायचं, हे आधी ठरलेलं असलं की एक समजूतदार सवंगडीही पुरतो.

आता डोळे. मोठ्यांशी डोळे वर करून बोलू नको, असं ऐकत आपण वाढलो. या मुलांनी मात्र टक लावून बघायचं! स्वतः ऑटिझम असलेल्या अनेक प्रौढांनी सांगून ठेवलंय की बघायला लावलं तर ऐकणं होत नाही. डेमियन मिल्टन हे ब्रिटिश अभ्यासक स्वतः ऑटिस्टिक आहेत. २०१२ साली त्यांनी मांडलं की न समजणं दोन्ही बाजूंनी असतं : ऑटिझम असलेल्यांना आपण कळत नाही, तसे आपल्याला ते कळत नाहीत. मग सगळा अभ्यास एकट्या त्यांच्याच माथी का? आम्ही ‘ऐकतोयस हे कळू दे’ एवढंच शिकवलं. तो मान हलवतो. चालतं.

कार्डांची भीती मलाही होती. २००६च्या एका आढावा-लेखात नीट तपासता आलेल्या २७ जणांच्या नोंदी आहेत; चित्रं, खुणा वगैरे साधनं दिल्यावर एकाचंही बोलणं कमी झालं नाही, बहुतेकांचं वाढलं, भले थोडंच. माझ्या मुलाच्या हातात पहिल्यांदा ‘नको’चं कार्ड आलं, तेव्हा त्याचं चावणं कमी झालं. ‘नको’ मी सर्वांत वरच्या कौशल्यांत धरतो. सांगेल ते निमूट करणारं मूल सगळ्यांना आवडतं, नको तिथे हात लावणाऱ्यालाही.

सहा वर्षांच्या मुदतीबद्दल फार बोलायला नको. लवकर सुरुवात चांगलीच. पण अमेरिकेतले बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ साली ऑटिझमवरच्या लेखात ज्या ११ मुलांवर लिहिलं, त्यांतला पहिला डोनाल्ड ट्रिप्लेट २७व्या वर्षी गाडी चालवायला शिकला, बँकेत नोकरी केली, एकट्याने देशोदेशी हिंडला आणि २०२३ साली ८९व्या वर्षी वारला. घर पैसेवालं होतं, बँकेत घरच्यांची भागीदारी होती, गावाने त्याला सांभाळून घेतलं, हेही सांगायला हवं. आमचा दाढी करायला गेल्या वर्षी शिकला.

परवा तो एकटा दूध आणायला गेला. मी समोरच्या फुटपाथवर. दुकानदार म्हणाला, सुटे नाहीत, आणि दोन रुपयांऐवजी चॉकलेट पुढे केलं. आमच्या यादीत ही पायरीच नव्हती. तो बराच वेळ तसाच उभा. मागे रांग वाढली, माझे पाय शिवशिवायला लागले. मग चॉकलेट काचेवर परत ठेवून तो म्हणाला, “नको. दोन रुपये.” दुकानदाराने गल्ल्यात हात घातला. सुटे होते.